दोर पाठीवर अन् बाज मांगं

चढाईचा दोर पाठीवर बांधून गावातून कधी जाऊ नका गड्यांनो. मी अन् सुन्या संग्रामपूरकडून सातपुड्यातल्या एका कड्यावर चढायले चाललो होतो. सुन्यानं दोराच्या घड्या करून दप्तरासारखा पाठीवर आवळला, पण एक टोक लोंबतच ठेवलं.

"नीट खोच बे, पायात येईन."

"राहू दे बे, काही होत नाही."

वाटेतल्या गावात पारावरच्या एका बुढ्यानं दोर पाह्यला अन् उठलाच. "कोणाच्या विहिरीत कोण पडलं बाप्पा?"

"कोणी नाही पडलं, बाबाजी. आम्ही पहाड चढायले जाऊन राह्यलो."

बुढ्याले काही पटलं नाही. विहिरीत पडलेल्याले दोरानं खाट सोडून वर काढा लागते, म्हणून त्यानं चार जण बाज घेऊन आमच्या मांगं धाडले. कड्यापाशी विहीर दिसेना, तं ते बाजेवर बसून आमची चढाई पाहत राह्यले.

खाली आल्यावर सुन्यानं दोर पुन्हा तसाच बांधला. दहा पावलं गेला नाही तं लोंबतं टोक पायात आलं, पडला अन् पाय मुरगळला. मंग काय, त्याच बाजेवर घालून गावात आणला.

बुढा पारावरच होता. सुन्याकडं शांतपणे पाहून म्हणे, "अन् सकाळी इचारलं तं कोणी पडलं नाही म्हणत होते!"