भराव बसतोय

...नाही, पण मला एक सांगा, यात माझी चूक काय? भराव मी टाकला नाही. माती मी आणली नाही. रस्ता नदीच्या नेमक्या याच कोपऱ्यातून न्यायचा हे ज्यांनी ठरवलं त्यांचं तोंडसुद्धा मी पाहिलेलं नाही. मी फक्त मोजतो. सकाळी सातला तिपाई मांडायची, तिच्यावर दुर्बीण बसवायची, आमचे पट्टीवाले मामा भरावावर चढून आकड्यांची पट्टी उभी धरतात, मी एक डोळा मिटून आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. संपलं काम. आणि तुम्हाला सांगतो, तीन वर्षं झाली, जो भेटतो तो मलाच विचारतो, काय हो, अजून जातोय का खाली? जसा काही मीच त्याला दोरी बांधून ओढतोय!

म्हणजे झालं काय, की नदीवर पूल झाला. उत्तम झाला. त्याचे खांब थेट खडकापर्यंत नेलेत, तो काही हलायचा नाही. पण पुलावर चढायला रस्ता लागतो ना? तो काय हवेतून येणार? म्हणून अलीकडे मातीचा भराव, सहा मीटर उंच, म्हणजे दोनमजली घराएवढा, आणि लांबी म्हणाल तर चारशे मीटर. आता हे एवढं ओझं ठेवलंय कशावर? वर दोन मीटर गाळ आणि त्याखाली बारा मीटर चिकणमाती. ओली, गार, मऊ, मुठीत धरली तर बोटांच्या फटींतून बाहेर येणारी. तिच्या उरावर दोन मजले ठेवल्यावर ती करणार काय? बसणार. भराव बसला की पुलाच्या तोंडाशी पायरी पडते, फूटभर, दीड फूट. मग साहेब म्हणतात, टाका वर आणखी फूटभर. टाकली. माती वाढली म्हणजे वजन वाढलं, वजन वाढलं म्हणजे भराव आणखी बसला, बसला म्हणून आणखी टाकली... खड्डा बुजवायला टाकलेल्या मातीनेच खड्डा पडतो, हे कुठे बघितलंय तुम्ही? मी बघितलंय. रोज सकाळी सात वाजता. एक डोळा मिटून.

घरी तर विचारू नका. पूर्वी मी गेलो की ही विचारायची, दमलात का. भराव बसायला लागल्यापासून चपला काढायच्या आत विचारायची, आज किती? आणि मी सांगायचीही गरज उरली नव्हती. आठ मिलिमीटर असले तर मी गुपचूप जेवायचो, बारा असले तर ताट तसंच सारायचो. ही म्हणायची, भराव बसतोय तर बसू दे, तुम्ही जरा जेवायला बसा. हिला कसं सांगणार?

कारण नियम होता हो. वहीच्या पहिल्याच पानावर, साहेबांच्याच सहीने. दिवसाला दहा मिलिमीटरच्या वर गेलं की माती टाकणं बंद. का बंद? तर चिकणमातीच्या पोटात पाणी असतं. वरून भार आला की पहिल्यांदा तो पाण्यावर येतो, आणि पाण्याला बाहेर पडायला वाटाच नसतात, असतात त्या केसाएवढ्या. खच्चून भरलेलं सभागृह आणि बाहेर पडायला एकच अरुंद दार, असं समजा. हळूहळू सोडलंत तर सगळे नीट बाहेर पडतील, महिने लागतील, पण पडतील. आणि मागून रेटत राहिलात तर? तर दार राहील बाजूला, भिंतच जाईल.

हे साहेबांना ठाऊक नव्हतं असं नाही. साहेब माणूस वाईट नाही. पण उद्घाटनाची तारीख ठरली. साहेबांच्या वर साहेब, त्यांच्या वर आणखी साहेब, आणि सगळ्यांचा भार येऊन पडला आमच्या साहेबांवर. तेही बसत चालले होते, फक्त त्यांना कुणी पट्टी लावत नव्हतं. एक दिवस आकडा आला एकोणीस. मी वही पुढे केली. साहेबांनी ती बराच वेळ बघितली, मग खिडकीतून बाहेर मातीच्या डंपरांची रांग बघितली आणि अगदी हळू म्हणाले, "नऊ लिही."

मी लिहिले.

खोटं कशाला बोलू तुमच्याशी? लिहिले मी नऊ. दुसऱ्या दिवशी एकवीस आले, लिहिले नऊ. तिसऱ्या दिवशी चोवीस, लिहिले नऊ. आठवडाभर नऊ, नऊ, नऊ, हस्ताक्षर मात्र सुंदर. आणि मनाला काय सांगायचो, की आपण कोण? आपण फक्त मोजतो. आता जो माणूस चोवीस बघून नऊ लिहितो तो मोजतो असं तरी म्हणता येईल का? पण माणूस स्वतःशी वाद घालायला बसला की बरोबर जिंकतो.

आता काकूंचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. भरावाच्या पायथ्याशी, जुन्या रस्त्याला लागून, पंक्चरचं दुकान होतं. चालवायच्या काकू. नवरा गेल्यावर हातात पाना घेतला तो घेतला. सायकल असो की दहा चाकी डंपर, टायर काकूंकडेच. मागच्या खोलीत त्यांच्या सासूबाई, कमरेपासून अधू, खाटेवर पडून. दोन खोल्यांत दोघी बायका आणि भिंतीला टांगलेले शंभरएक टायर.

तर तो नऊचा आठवडा संपला त्या दिवशी सकाळी काकूंनी मला हाक मारली. म्हणाल्या, भाऊ, जरा हे बघा. ट्यूब बुडवून बुडबुडे बघायला त्यांच्याकडे अर्धं कापलेलं पिंप होतं, जमिनीत सिमेंटने पक्कं केलेलं. त्यातलं पाणी एका बाजूला काठावरून सांडत होतं आणि दुसऱ्या बाजूला काठ चार बोटं कोरडा. काकू म्हणाल्या, पंधरा दिवस बघतेय, आधी वाटलं पिंप गळतंय. मागचं दारही लागत नाही, आणि सासूबाईंची खाट आपली आपण पुढे सरकते, त्या म्हणतात, मला कुणीतरी ढकलतंय.

तुम्हाला सांगतो, मी खाली बसून तो कोरडा काठ माझ्या बोटांनी मोजला. दीड वर्ष मी दुर्बिणीतून भराव खाली जाताना बघत होतो, पण ती खालची चिकणमाती जातेय कुठे हे एकदाही मनात आलं नाही. ती जाणार कुठे? बाजूला सरकत होती आणि वर येत होती. काकूंच्या घराखाली! मी धावत जाऊन मामांना पट्टी धरायला लावली. आकडा आला एक्केचाळीस. पुन्हा वाचला. एक्केचाळीस. मामा तोंडातून शब्द न काढणारा माणूस, पण तिथूनच म्हणाले, इथे वर भेग पडलीय, माझा अंगठा जातोय आत.

साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, बैठकीत आहे, आजच्या साठ खेपा होऊन जाऊ दे, उद्या बघू. फोन ठेवला तर समोर काकू उभ्या. हाताला काळं ग्रीस, पदर खोचलेला. त्यांनी मला भेगेचं विचारलं नाही, साहेबांचं विचारलं नाही. एवढंच विचारलं, "तुम्ही रोज मोजता ना? मग सांगा, म्हातारीला हलवू का?"

आता काय सांगणार? मी फक्त मोजतो, असं? ओठांवर आलं होतं, अगदी सवयीने आलं होतं. पण ती बाई माझ्याकडे अशी बघत होती की मला माझ्या वहीतले सगळे नऊ दिसायला लागले. मी म्हटलं, "हलवा. आत्ता हलवा. सामान राहू दे."

मामा, मी, काकू आणि डंपरचे दोन चालक, आम्ही पाच जणांनी सासूबाईंना खाटेसकट उचललं. मागच्या दाराबाहेर भरावाचाच पायथा, तिकडून न्यायची सोय नाही, आणि पुढचं दार अर्धंच उघडून अडकलं, म्हणून खिडकीची चौकट काढली. आणि म्हातारी त्यातून बाहेर येताना मला म्हणते, "बघ, मी सांगत होते ना, कुणीतरी ढकलतंय!" ज्याने ढकललं त्याच्याच खांद्यावर खाटेचा पाय होता, पण हे मी तेव्हा बोललो नाही.

एवढं झालं तरी डंपर थांबेनात. चालक म्हणाले, आम्हाला कागद दाखवा. माझ्याकडे कागद कुठला? माझ्याकडे वही, आणि वहीत नऊ! मी चढाच्या तोंडाशी आडवा उभा राहिलो, हात पसरले, ओरडलो, घसा बसला, तर पुढचा चालक इंजिन चालू ठेवून शांतपणे वाट बघतोय, हा माणूस कधी थकतो. तेवढ्यात काकू आल्या, खाली बसल्या, आणि पाना लावून पहिल्या डंपरच्या पुढच्या दोन्ही चाकांचे व्हॉल्व्ह काढले. फुस्स... डंपर गुडघे टेकल्यासारखा खाली आला, चढ बंद, मागे रांग. चालक खाली उतरून म्हणाला, काकू, हवा भरा. काकूंनी दोन्ही व्हॉल्व्ह पदराच्या गाठीत बांधले आणि म्हणाल्या, दुकान बंद आहे.

बरोबर पावणेदोनला भराव गेला. सगळे डबा उघडून बसलेले. स्फोट नाही, आवाज नाही, नुसता एक लांबलचक सुस्कारा. भरावाची ती कड साठ मीटर लांबीत पुरुषभर खाली बसली, वर उभा केलेला रोलर आडवा झाला, आणि पायथ्याची जमीन फुगून वर आली, अशी, भाकरीसारखी... दुकान उचललं गेलं, कललं आणि शंभर टायर एकेक करून रस्त्यावर घरंगळत आले. एक टायर नेमका माझ्या पायाशी येऊन गोल फिरत आडवा पडला. कुणाला खरचटलं नाही. चढावर साठ खेपा चालू असत्या तर... ते मी पुढे मनात आणत नाही. आणतो, पण जेवणाआधी आणत नाही.

मग मुख्य कार्यालयातून मातीतज्ज्ञ बाई आल्या. साठीच्या असतील, पायात गमबूट. आधी कुणाशी बोलल्या नाहीत. गाळाचा गोळा तळहातावर घेऊन हलवला, वर पाणी चमकलं, दाबला तर पाणी गायब. मग चिकणमाती घेतली आणि तळहातांत वळून तिची सुतळी केली. मग माझी वही मागितली. पानं उलटत गेल्या आणि त्या आठवड्यावर थांबल्या. नऊ, नऊ, नऊ. म्हणाल्या, "माती इतकी शिस्तीची नसते."

मी म्हटलं, मी लिहिलंय. साहेब शेजारीच उभे होते, आठ दिवसांत दहा वर्षांनी म्हातारे झालेले. ते म्हणाले, "मी सांगितलं म्हणून लिहिलंय." बाईंनी वही मिटली आणि काखेत मारली. साहेबांची चौकशी झाली, माझी झाली, दोघांच्या पगारवाढी गेल्या, आणि तुम्हाला सांगतो, कित्येक महिन्यांनी त्या दिवशी मी पोटभर जेवलो. काकूंना रस्त्यापलीकडे पक्कं दुकान बांधून दिलं. किल्ली घेण्याआधी काकूंनी नव्या पिंपात काठोकाठ पाणी भरून तीन दिवस बघितलं, मगच सही केली.

बाईंनी उपाय काय सांगितला? वरची दोन मीटर माती काढा. जमिनीत वाळूचे उभे खांब उतरवा, म्हणजे पाण्याला दारं मिळतील. पायथ्याशी मातीचा टेकू द्या. मग थोडी थोडी माती चढवा आणि थांबा. साहेबांनी विचारलं, थांबा म्हणजे किती? बाई म्हणाल्या, नऊ महिने. उद्घाटनाची तारीख गेली ती गेलीच. साहेबांना दर आठवड्याला वर प्रगतीचा अहवाल पाठवावा लागायचा, त्यात नऊ महिने काय लिहिणार? बिचारे दर शनिवारी माझ्यासमोर बसून एकच वाक्य लिहायचे, वाट पाहण्याचे काम समाधानकारकरीत्या चालू आहे.

शेवटी झाला रस्ता. गाड्या धावायला लागल्या. रोजचं मोजणं महिन्यावर आलं, महिन्याचा आकडा आठवरून दोनवर आला. बाई शेवटची पाहणी करून निघाल्या तेव्हा मी धीर करून विचारलं, की बाई, आता सगळं सुरळीत आहे, तर हे मोजणं कधीपर्यंत?

म्हणाल्या, निवृत्तीपर्यंत.

मी मनातल्या मनात आकडेमोड केली. अकरा वर्षं. जातील कशीबशी. तरी खात्री केलेली बरी म्हणून विचारलं, "माझ्याच ना?"

बाई गाडीत बसल्या, दार लावलं, काच खाली केली आणि म्हणाल्या, "नाही. तुमच्यानंतर जो येईल, त्याच्या."