आधी बायकांची पंगत

लिहा पावणं, पर माझ्या तोंडातनं येतंय तसंच लिहा. आमच्याकडं बायकाबी मी येतो, मी जातो असंच म्हणत्यात, ते पुस्तकी करत बसू नका. मी शिरोळकडची. गाव सगळं सपाट, जिकडं बघंल तिकडं ऊस, डोंगूर म्हंजे लांबनं निळं दिसायचं तेवढंच. लग्न करून पन्हाळ्याच्या पायथ्याला आलो आनि तीस-बत्तीस वरसं झाली, गडावर या झाडाखाली झुणका-भाकरी करून घालतो. चूल, पीठ मळायची काटवट आनि दह्याची मडकी, झाला माझा संसार.

पर गड मी लग्नाआधीच बघितलावता. आठ-नऊ वरसाची असंन. आमची सगळी भावकी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जोतिबाला आलती आनि तिथनं हितं. काय सांगू तुमास्नी, काय मज्जा! गुलालानं सगळ्यांची तोंडं लाल, कोण कुणाचं वळखू येत न्हवतं. माझ्या आईनं तांबडं फुटायच्या आत उठून भाकरीची चवड बांधून आणलीवती. वर आल्या आल्या गडी जेवलं, आमी पोरं जेवलो, गडी निघालं गड बघायला, आमीबी पळालो त्येंच्या मागं, आनि बायका मागनं जेवल्या, म्हंजे जे उरलंवतं ते, खरड्याची वाटी पुसून. मग भांडी घासली, गाठोडी बांधली, तवर चुलता आला, म्हणाला चला चला, उशीर झाला. झालं! माझ्या आईनं बघितलेला गड म्हंजे एक झाड आनि एक नळ. परतताना मला मांडीवर घिऊन इचारती कशी, वरनं काय दिसतं गं बाई? मी सांगितलं, लई लांबपातूर दिसतं, आनि खालची माणसं मुंगीएवढी. ती हसली. पुन्यांदा काय तिचं येणं झालं न्हाय, गेली बिचारी तशीच. मला अजून राग येतो. कुणाचा म्हणून सांगू, सगळ्यांचाच येतो.

म्हणून माझ्या चुलीचा नेम हाय. आधी बायकांची पंगत. तव्यावरनं उतरलेली गरम भाकरी पहिली बाईच्या ताटात, गड्यांनी तवर पोरं सांभाळायची. आमचं मालक म्हणालं, गिऱ्हाईक तुटंल. म्हणलं तुटू द्या. शेजारच्या चुलीवाल्या म्हणल्या, आक्का, तू जगाला शिकवाय बसलीयास व्हय? म्हणलं जगाला न्हाय, माझ्या झाडाखाली बसंल त्येला.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत बघा, दोन गाड्या भरून एक घरदार आलं. पुढं एक गडी, गळ्यात ही जाड चेन, आला तसा मांडी घालून बसला, म्हणाला वाढा मावशी. म्हणलं दादा, उठा, आधी बायका. म्हणाला आमच्यात तशी रीत न्हाय. म्हणलं माझ्यात हाय. तो उठला की तरातरा, म्हणाला चला रं सगळी, हॉटेलात जाऊ. सगळी उठली, पर त्येची आई उठंना. मघापासनं सगळ्यांच्या पिशव्या मांडीवर घिऊन बसलीवती म्हातारी. म्हणली, माझा गुडघा दुखतोय, मी बसतो हितंच, तुमी जावा. आनि ताट वडलं की तिनं! आता आईला सोडून जातोय कुटं? उभा ऱ्हायला चेनीशी चाळा करत. मग सुना बसल्या, लेकी बसल्या, आनि शेवटाला तोबी बसला. दोन भाकऱ्या जास्तीच खाल्ल्या त्येनं.

मी लई फुगलो त्या दिवशी. आल्या-गेल्याला तेच सांगत बसलो. दुपार कलली, पिठाचा डबा रिकामा झाला. माझी सून, राणी, तीन वरसं झाली लग्नाला, सकाळधरनं चुलीपुढं भाकरी थापत बसलीवती, मी नुसतं वाढत आनि वरडत. मी तिला म्हणलं, बघितलंस का गं, कशी जिरवली? तिनं हात धुतलं आनि सावकाश म्हणली, आत्या, मी सकाळपासनं च्यावर हाय.

एवढंच बोलली. पर असं काळजात गेलं म्हणून सांगू. दिव्याखाली अंधार म्हणत्यात ते हेच की. अख्ख्या दुनियेच्या बायकांस्नी मी पयलं बसवतो आनि माझ्या घरची सून शेवटची, तीबी उपाशी. मी इचारलं, राणे, तू ती गडाच्या कड्यावरची सज्जाकोठी बघितलीस? म्हणली न्हाय. तीन वरसं, पावणं! हितनं चालत गेलं तर किती वेळ लागतोय? मला रडूच फुटलं, पर रडत बसायची येळ न्हवती. शेजारणीकडनं दोन भाकऱ्या मागून आणल्या, तिला ताट वाढलं, समोर बसून जेवू घातलं आनि तिचा हात धरून निघालो. मालक म्हणालं, गिऱ्हाईक आलं तर भाकरी कोण थापणार? म्हणलं, तुमी. शेजारणीकडनं पीठ आणा आनि थापा.

सज्जाकोठीच्या खिडकीत ती उभी ऱ्हायली, वारा असा की पदर ठरंना. मी म्हणलं, सांग की गं, काय दिसतं वरनं? म्हणली, लई लांबपातूर दिसतं आत्या, ती बघा माणसं, मुंगीएवढी. मी आईचं काय तिला कधी सांगितलं न्हवतं.

आता पयली भाकरी राणीची, मग गिऱ्हाईक. सोमवारी चूल बंद, आमी दोघी फिराय जातो, कधी रंकाळा, कधी जोतिबा. डबा मालक बांधत्यात, भाकऱ्या कोल्हापूरच्या नकाशावाणी, पर खातो. लोकं म्हणत्यात म्हातारी बिघडली. बिघडली तर बिघडली!

तुमीबी घरच्यास्नी घिऊन या. अंबाबाई तुमचं भलं करंल. तुमची आई हाय न्हवं? तिला आणा, आनि तिच्या हातात एकबी पिशवी दिऊ नका. ती जेवंल, गड बघंल, मग तुमाला वाढतो. भूक निघत नसंल तर हॉटेल पलीकडं हाय.