मापं वेगळी, पुन्हा लिहून आणावे

मंडळी, काकू,

बसा, बसा. माझ्यासाठी कुणी सरकून जागा करू नका. मी उभाच बरा. मुळ्ये मास्तरांच्या वर्गात गृहपाठ न आणणारा उभा राहायचा, आणि मी पाच वर्षं गृहपाठ आणलेला नाही.

बोलणं जड जातंय. माझ्याआधी तिघे बोलले. मास्तर ऋषितुल्य होते, देवमाणूस होते, उज्जैनात मराठीचा दिवा होते. ऐकत होतो. मास्तरांच्या हाती ही भाषणं वहीत पडली असती ना, तर तिघांच्याही समासात त्यांनी एकच शब्द लिहिला असता. 'कशावरून?'

तर कशावरून ते मी सांगतो. गोड सांगणार नाही.

संस्थानचा झेंडा उतरून तिरंगा चढला त्या वर्षी मी याच शाळेत मास्तरांच्या मराठी वर्गात होतो. त्यांनी तुलनात्मक निबंध दिला. विषय, आपल्या शहरातले दोन भाग, देवास गेट आणि फ्रीगंज. म्हटलं, हात्तिच्या, हे तर डाव्या हातचं काम! दोन पानं देवास गेट लिहिलं, धूळ, लीद, टांगेवाल्यांच्या शिव्या. दोन पानं फ्रीगंज लिहिलं, रुंद रस्ते, दिवे, मोकळी हवा. शेवटी फ्रीगंजचा जयजयकार. मास्तरांनी वाचलं आणि विचारलं, "वसंता, देवास गेटला कधी गेला होतास?"

"दुपारी बारा वाजता, मास्तर."

"आणि फ्रीगंजला?"

"संध्याकाळी. आईबरोबर."

"वा रे गब्रू! एकाला उन्हात उभं केलंस आणि दुसऱ्याला झुळकीत. ही तुलना नव्हे बाबा, ही सरासर बेइमानी आहे."

पुढच्या रविवारी सगळ्या वर्गाला घेऊन निघाले. भर दुपारी देवास गेटला अर्धा तास, लगेच फ्रीगंजला अर्धा तास. फ्रीगंजच्या त्या रुंद रस्त्यावर डोकं झाकायला सावली नव्हती, आणि देवास गेटला एका टांगेवाल्यानं आम्हाला लिंबाखाली बसवून पाणी पाजलं होतं. येताना मास्तर म्हणाले, "दोघांना एकच माप लावा. निकाल आधी ठरवून निघू नका. आणि आपल्या म्हणण्याच्या आड येईल ते लपवायचं नाही, ते तर आधी लिहायचं. दोन गोष्टी शेजारी ठेवल्यावर, एकटीत दिसत नव्हतं असं काही दिसलं तर ती तुलना. नाही तर नुसत्या दोन याद्या." मला पाठ आहे हे. पाठच तर होतं, दुसरं काय?

मग राज्यं एकमेकांत मिसळली, राजधानी भोपाळला गेली, आणि मी शिक्षण खात्याच्या इथल्या दफ्तरात कारकून झालो. वरून विचारणा आली, या शाळेतला मराठी वर्ग ठेवायचा की बंद करायचा? मराठी वर्ग आणि हिंदी वर्ग यांचा तुलनात्मक अहवाल पाठवा. साहेबांनी काम मला दिलं. म्हणाले, "आप तो मराठी जानते हैं, आप ही देख आइए."

हाजिरी मोजायचा दिवस त्यांनी ठरवला. आपल्याकडे महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस होता, मंडळी. गौरी जेवतात तो दिवस. पूर्वी त्या दिवशी इथे सुट्टी असायची, नव्या यादीत ती राहिली नव्हती. साहेबांना कुठून माहीत असणार? पण मला माहीत होतं! सकाळी माझ्या घरी सोळा भाज्या चिरून ठेवल्या होत्या. शहरातलं कुठलं मराठी पोर त्या दिवशी पुरणपोळी सोडून शाळेत येतं, सांगा बरं?

हिंदी वर्गात एकेचाळीस मुलं. मराठी वर्गात नऊ. आणि मास्तर. त्यांच्याही घरी महालक्ष्म्या होत्या, काकू एकट्या राबत होत्या, पण ते सोवळं सोडून वर्गावर आले होते. मला बघून हसले. "अरे, आज कुठे मोजायला आलास? उद्या ये."

"साहेबांचा हुकूम आहे, मास्तर."

"बरं, मोज. पण शेऱ्याच्या रकान्यात आज काय आहे ते लिही हो."

"लिहितो."

नाही लिहिलं. कुणी मला दम दिला नव्हता. साहेबांनी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. तेव्हा तबादल्यांची यादी बनत होती, कोण इथे राहणार, कोणाला कुठल्या जंगलात धाडणार. हा माणूस मराठीवाल्यांची बाजू घेतो, असं कुणाच्या मनात यायला नको, एवढीच माझी भीती. एक ओळ लिहायची होती. मी रकाना कोरा ठेवला, घरी गेलो, आणि पोटभर जेवलो. लाज वाटते सांगायला, पण दोनदा पुरणपोळी मागून घेतली.

वर्ग बंद झाला. मास्तरांना नकाशे आणि खडू सांभाळायला बसवलं. हुकमासोबत माझ्या अहवालाची नक्कल शाळेत आली होती. ती घेऊन ते माझ्या घरी आले, हातात दिली, चहा न घेता गेले. खाली तांबड्या शाईत लिहिलं होतं, 'मापं वेगळी. पुन्हा लिहून आणावे.' एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं हो.

पुढे जिथे भेटतील तिथे विचारायचे, "वसंता, निबंध झाला का रे?" मी म्हणायचो, "आणतो, मास्तर." बढती मिळाली, तरी आणतोच. गेल्या महिन्यात अंथरुणाशी गेलो, तर म्हणाले, "आता मला दिसत नाही रे. वाचून दाखव." मी म्हटलं, "पुढच्या रविवारी." तो रविवार त्यांनी पाहिला नाही.

परवा त्यांना पोचवून आलो आणि लिहायला बसलो. काल शाळेचं जुनं हाजिरीबुक उघडवलं. आता वाचतो. लांब नाही.

'विषय, शाळेतले दोन वर्ग. माझ्या म्हणण्याच्या आड येतं ते आधी. मराठी वर्गाची मुलं कमी होत होती. दोन वर्षांत सात मुलं पालकांनी स्वतः हिंदी वर्गात घातली, नोकरीला बरं पडेल म्हणून. त्यात माझा पुतण्या होता. बाकी सहांचे पालक शोकसभेला हार घेऊन येतील. आता माप. महालक्ष्म्या जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, एकाच घंटेला, हिंदी वर्गात चाळीस मुलं हजर. मराठी वर्गात चौतीस. दोन्ही शेजारी ठेवल्यावर दिसतं ते असं, की मराठी वर्ग मेला नव्हता. तो त्या दिवशी घरी जेवायला गेला होता. मोजणाऱ्याला हे माहीत होतं.' खाली माझी सही आहे.

याची एक प्रत उद्या दफ्तरात दाखल करतो. वर्ग त्यानं उघडणार नाही. माझं काय व्हायचं ते होईल, मास्तरांच्या नकाशांच्या खोलीत बसवलं तरी तक्रार नाही. माझ्या मागून वर येऊन 'फार छान बोललास' म्हणू नका, मेहेरबानी करा.

काकू, ही पानं त्यांच्या तसबिरीपाशी ठेवतो. लिहून आणायला उशीर झाला.

मंडळी, मास्तर वही तपासायला घेत तेव्हा सगळा वर्ग उभा राहायचा, आठवतंय ना? ते टाक खाली ठेवेपर्यंत कुणी बसायचं नाही, कुणी बोलायचं नाही. उभे राहा. मास्तर तपासताहेत.