डिमेलोकाकांच्या अंगावरची शाल

आमच्या मोरिवलीच्या दादाला मिरवायला कुठलंही निमित्त चालायचं. सत्त्याऐंशीत गोवा राज्य झालं, तर या पुढाऱ्याने इथे नाक्यावर बँड लावला! पण सत्काराला गोवेकर कुठून आणणार? शेजारच्या डिमेलोकाकांना धरून आणलं.

काका म्हणाले, "अहो दादा, मी वसईचा. गोवा अजून बघितलेला पण नाही."

"नाव डिमेलो ना? मग झालं तर. बसा!"

शाल, श्रीफळ, फोटो, टाळ्या. काकी तर हसून हसून बेजार.

पुढे काकांची कंपनी बंद पडली. नाक्यावर गाळे वाटणार होते, म्हणून सायकल दुरुस्तीचं दुकान टाकायला एक मागावा म्हणून ते दादाकडे गेले. मीही सोबत होतो. भिंतीवर तोच सत्काराचा फोटो टांगलेला.

दादा म्हणाला, "काका, गाळे फक्त भूमिपुत्रांना."

"अरे, मी वसईचा!"

दादाने फोटोकडे बोट दाखवलं. "मग तेव्हा शाल कशी घेतलीत? तुम्हाला मिळालं ना तुमचं राज्य? आता आमच्यात कशाला वाटा मागता?"

गाळा अर्थातच भूमिपुत्राला मिळाला, म्हणजे दादाच्या मेव्हण्याला. तो इंदूरचा.