उरलेला शब्द

“हॅलो?… हॅलो? कोण, सूर्या?… अरे मी गंगू. गंगूताई, हिंगोलीहून!… व्हय, येऊन राहिलं ऐकू. तुला येतं का?”

फोन पुनमचंद शेटजींच्या जिनिंगच्या कचेरीतला. हैदराबादची लाइन मिळायची म्हणून गंगूताई सकाळपासून तिथं पदर सावरत बसल्या होत्या. भिंतीपलीकडं सरकी काढणारी यंत्रं घरघरत होती, त्यामुळं हळू बोलायची सोयच नव्हती. कचेरीत इस्माईलभाई मुनीम होते, गादीवर कापसाचे दोन व्यापारी सुपारी कातरत होते, आणि दाराशेजारच्या बाकावर गंगूताईंचे वडील मार्तंडराव बसले होते. त्यांच्या तोंडावरून मफलर गुंडाळलेला होता. मागची गाठ गंगूताईंनी स्वतः आवळली होती.

“न्हाई रे, जिवंत आहेत! भलतंच काहून विचारतोस?… चालतात थोडं. उजवा हात मात्र लुळाच… लिहिलं होतं ना पत्रात, लकवा मारला म्हणून… व्हय, सगळं न्हाई लिहिलं. कसं लिहिणार?… तू तरी कुठं आलास बघायला? परीक्षा, परीक्षा… बरं ते जाऊ दे, ऐक ना. उद्या सकाळच्या गाडीनं बाबांना तिकडं पाठवून राहिले मी. तहसीलीतला धर्मसिंग जमादार आणून सोडतो म्हणालाय. तू टेशनावर ये… तुझ्या खोलीवर न्हाई रे… पागलखान्यात.”

शेवटचा शब्द त्या इतक्या हळू बोलल्या की तो तिकडं पोचलाच नाही.

“पागलखान्यात!… ओरडू नको. मग काय करू मी?… वाचा सगळी गेली असती तर पुरवलं असतं रे. एक शब्द मागं राहिलाय… एकच. पाणी पाहिजे तरी तोच, दिवा लावला तरी तोच… कोणता म्हणजे?… शिवी आहे, समजलास? मोठी शिवी… अरे, चारचौघांत उभी आहे मी!… नेमका शब्द कशाला पाहिजे तुला?… तुझं शास्त्र घाल चुलीत!”

सूर्यकांत हैदराबादेत मानसशास्त्र शिकत होता. म्हणजे नेमकं काय, ते हिंगोलीत कुणालाच कळलं नव्हतं. मार्तंडराव मात्र अभिमानानं सांगायचे, ‘पोरगा मनाचा हिशेब शिकून राहिला.’ ते स्वतः तहसीलीत पेशकार होते. साहेबापुढं फायली ठेवण्यात जन्म गेला, पण चपराशालाही त्यांनी कधी ‘अरे’ म्हटलं नाही. त्या माणसाच्या तोंडचा हा शब्द आता भर कचेरीत उच्चारायचा होता.

“रांडेच्या… काय?… न्हाई ऐकू आलं?” गंगूताईंनी डोळे मिटले. “रांडेच्या! रांडेच्या म्हणतात बाबा!”

सुपारी कातरणारे अडकित्ते थांबले. इस्माईलभाईंनी मान खाली घातली. गंगूताईंना वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

“झालं समाधान?… व्हय, अगदी स्वच्छ बोलतात. मला म्हणतात, अंगणातल्या तुळशीला म्हणतात. काल तर जलालुद्दीन साहेब आले होते, तहसीलदार. डाळिंबं घेऊन आले बिचारे, बाबांची तब्येत विचारायला. बाबा धडपडत उठले, डाव्या हातानं उजवा उचलून हात जोडले, आणि साहेबांच्या तोंडावर हेच… चेहरा? चेहरा कसा म्हणजे?… हसरा होता. डोळ्यांत पाणी होतं… साहेब? उठून गेले… मग काय करणार? कोठीत नेलं बाबांना, बाहेरून कडी लावली. रात्रभर.”

तिकडून सूर्या भराभर बोलू लागला. गंगूताई कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिल्या.

“डाव्या बाजूला? न्हाई रे, उजवा हात गेलाय… उलटं असतं? मेंदूचा डावा भाग उजवं अंग हलवतो… बरं. आणि बोलणंही तिथलंच?… मग शिवी काहून राहिली?… रागाचं, सवयीचं बोलणं दुसऱ्या वाटेनं येतं… अरे, पण त्यांना सवय कुठली? जन्मात शिवी दिली न्हाई माणसानं!… ऐकलेली असली तरी?… हां, कचेरीत रोज ऐकायचे, हे खरं… म्हणजे ते मनापासून न्हाई देत म्हणतोस? त्यांना दुसरंच बोलायचं असतं?… काय सांगतोस! त्यांना काही कळतच न्हाई रे. वैद्यबुवा म्हणाले, डोक्यात गर्मी चढली, लेकरासारखं झालं… इथंच आहेत, बाकावर. घरी एकटं कसं सोडू? टांग्यातून आणलं, तोंडाला मफलर बांधून… न्हाई. थंडीसाठी न्हाई.”

गंगूताईंनी फोन कानावर घट्ट दाबला.

“हॅलो? आहेस का?… काय पाहू म्हणतोस? आत्ता, इथं?… तीन वस्तू… बरं, थांब.”

एकदाचं हे आटपावं म्हणून त्यांनी मार्तंडरावांना उठवून टेबलापाशी खुर्चीत बसवलं. पुढं मुनिमाची दौत, एक कुलूप आणि मूठभर कापूस ठेवला.

“बाबा, कुलूप कुठंय?… सूर्या, दाखवलं! दौत?… दौतही दाखवली. बराबर दाखवून राहिले रे!… काय? मी कशाला बघू त्या वस्तूकडं?… बरं, गेली असेल नजर. म्हणजे माझ्या डोळ्यांवरून ओळखलं म्हणतोस?… पाठ करून उभी राहते. वस्तू इस्माईलभाईंनी हलवायच्या… त्यांनीही दुसरीकडं बघायचं, बाबांचा हात वस्तूवर पडल्यावरच वळायचं. बरं. आणि एकदा जमलं तर धरायचं न्हाई?… हां, अंदाजानंही एखादं लागतंच. पुन्हा पुन्हा विचारते.”

त्या भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. एका कानाला फोन, दुसरा कान इस्माईलभाईंकडं. व्यापारीही गादीवरून उठून जवळ आले होते.

“कापूस!… बराबर म्हणतात इस्माईलभाई. दौत!… बराबर. पुन्हा दौत!… बराबर. कुलूप!… सूर्या, चुकून न्हाई राहिले रे. एकदाही न्हाई.”

आता त्यांचा आवाज उतरला होता.

“मान हलवायला सांगू? बरं… बाबा, तुमचं नाव मार्तंडराव का?… व्हय म्हणाले. सूर्या तुमचा भाऊ का?… न्हाई म्हणाले. हसले. मफलरातून दिसतं ना, डोळे हसले त्यांचे.”

सूर्या पुढचा प्रश्न सांगत होता, पण गंगूताईंचं तिकडं लक्ष उरलं नव्हतं. त्यांना परवाची दुपार आठवत होती. शेजारची चतुराबाई आली होती. बाबांच्या खाटेशी बसून डाळ निवडता निवडता गंगूताई बोलून गेल्या होत्या, ‘लकवा मारला त्याच दिवशी सुटले असते तर इभ्रत तरी राहिली असती घराची.’ खाटेवर माणूस आहे हे मनातसुद्धा आलं नव्हतं. भिंतीसमोर बोलावं तसं बोलल्या होत्या.

त्यांनी फोन छातीशी दाबून धरला आणि वाकून विचारलं,

“बाबा… परवा चतुराबाईपाशी मी जे बोलले… ते तुमाला कळलं होतं?”

मार्तंडरावांनी नजर खाली वळवली आणि मान डोलावली. चोरून ऐकल्याचा गुन्हा जणू त्यांचाच होता.

“हॅलो… आहे, आहे मी… न्हाई, रडून न्हाई राहिले. कळतं त्यांना. सगळं कळतं… काय विचारलं ते न्हाई सांगणार तुला… न्हाई म्हटलं ना सूर्या! ते माझं मला राहू दे… व्हय, धर्मसिंगाला नको म्हणून सांगते. दवाखान्यात दाखवायचं तर मी घेऊन येते, मी स्वतः. मफलर न्हाई, कडी न्हाई… थांब, थांब जरा.”

फोन टेबलावर ठेवून त्यांनी मफलरची गाठ सोडायला घेतली. ती इतकी घट्ट होती की दातानं ओढावी लागली. मफलर निघाला तेव्हा मार्तंडरावांच्या गालावर लोकरीची वीण उमटलेली दिसली. गंगूताई ती तळव्यानं पुसू लागल्या. वीण काही पुसली जाईना. मार्तंडरावांनी चेहरा मागं घेतला नाही, मुकाट्यानं पुसू दिलं. त्यांनी हात झिडकारला असता तर बरं वाटलं असतं गंगूताईंना.

“हां, बोल… त्यांच्याशीच बोल. कानाला लावून देते.”

सूर्या काय बोलला ते एकट्या मार्तंडरावांनी ऐकलं. ऐकता ऐकता ते खुर्चीत पुढं सरकले. मग त्यांनी तोंड फोनजवळ नेलं आणि अगदी हळू, काही विचारावं तशा सुरात म्हणाले,

“रांडेच्या?”

गंगूताईंनी फोन घेतला.

“ऐकलंस?… मला काय ठाऊक काय म्हणाले!… अंदाज नको, बराबर. त्यांनाच विचारते. बाबा, ‘जेवलास का’ म्हणालात?… न्हाई. ‘अभ्यास कर’ म्हणालात?… तेही न्हाई. मग… ‘कधी येणार’?”

मार्तंडरावांची मान होकारानं हलली. मग पुन्हा हलली, जोरात.

“सूर्या, कधी येणार म्हणून विचारून राहिले बाबा तुला… हॅलो? दिवस सांग, त्यांना सांगते मी… हॅलो? सूर्या?… हॅलो?”

तारेत नुसती खरखर उरली, मग तीही थांबली. मार्तंडराव लेकीच्या तोंडाकडं बघत होते. ‘येतो म्हणाला’ हे शब्द गंगूताईंच्या जिभेवर आले होते. कालपर्यंत त्यांनी असंच काहीबाही सांगून वेळ मारून नेली असती. त्यांनी ते गिळले आणि आज पहिल्यांदा वडिलांच्या डोळ्यांत बघितलं.

“लाइन तुटली, बाबा. काय म्हणाला ते मला ऐकू आलं न्हाई.”

मार्तंडरावांनी समजल्याची मान हलवली. गंगूताईंनी फोन खाली ठेवला.