घरातला मोहा

आमचं गाव धानोऱ्याकडच्या जंगलातलं, माहा जलम तिथीच, बापाचाही तिथीच. धानाची वावरं थोडी, बाकी सारं जंगल. मी दुसरीतून शाळा सोडून म्हशीमागं गेलो. सोमी, माही बायको, ते तं शाळेची पायरीच चढली नाई, पन बोलाले अशी का पाटील गप बसे. मागच्या साली मेली. आता मी जे सांगून राह्यलो थे तिचंच हाय, मी निसता सोबत होतो.

मोहा म्हनलं का तुमाले दारू आठवते, बाई, साऱ्यायले तेच आठवते. आमी थे फुलं उकडून खातो. पावसाळ्यात धान सरलं का चुलीवर मोहाच. पन कायदा असा का ठरल्यापेक्षा जास्त मोहा घरात ठेवाचा नाई, वेचाचा अन् व्यापाऱ्याले देऊन टाकाचा. एका उन्हाळ्यात पोलीस आले, आमची बांबूची ढोली पालथी केली, सारा मोहा गाडीत भरला. सोमी म्हने, सायेब, हे खाचं हाय. शिपाई म्हने, मावशी, मी का कायदा केला का? सोमी म्हने, मंग कोनं केला थे सांग.

तिथून लागलं हे. आमाले वाटे रेंजर म्हनजे सरकार. रेंजर म्हने तहसीलदाराकडं जा, तहसीलदार म्हने माह्या हातात नाई. मंग बौद्ध मोहल्ल्यातला देवाजीभाऊ, थो एसटीत कंडक्टर होता, त्यानं सांगतलं का कायदा आमदार लोकं करतात. मत देता ना त्याले? मंग त्याच्या घरी जा अन् मांगा.

आता काय सांगू तुमाले, मोठ्या मान्साच्या घरी आमी रिकाम्या हातानं जात नाई. नव्या मोहाची टोपली भरली, वरून पळसाची पानं झाकली, अन् बसलो गडचिरोलीच्या गाडीत. नाक्यावर पोलीस चढले. म्हने, टोपली कुठी नेता? सोमी म्हने, आमदाराले देतो, मोहा घरात ठेवू द्या असं सांगाले चाललो. सारी गाडी हासली, पोलीसही हासला, अन् मंग टोपलीसकट आमाले खाली उतरवलं. सांजपर्यंत ठान्यात बसलो. मी म्हनलो, चाल घरी. सोमी म्हने, टोपली गेली बुढ्या, तोंड तं नाई गेलं.

मंग आमदाराच्या घरी जाऊ जाऊ शिकलो. सकाळीच जाचं, पुढारी लोकायची गर्दी होयाच्या आंदी. गावच्या बाया सोबत न्याच्या. अन् एकच गोष्ट मांगाची. आमच्यातलं कोनी रस्ता मांगे, कोनी हातपंप, सोमी त्यायले कोपर मारे, आज मोहा, निसता मोहा. आमदार म्हने, बाई, मोहा सोडला तं दारू वाढन, तुमच्यासारख्या बायाच मले शिव्या देतीन. सोमी म्हने, दारूवाल्याले पकडा ना भाऊ, मोहावाल्याले काऊन? धानाचीही दारू होते, मंग धान पकडता का? थो हासला. म्हने, हे मी सभेत बोलतो, हिवाळ्यात नागपूरले या.

भादव्यात तिले ताप चढला. खाटेवर टाकून दवाखान्यात न्याले निघालो, नदी भरून होती, नाव नाई. काठावरच गेली. मले रडू आलं नाई. अजून येत नाई. भात रांधतो, खातो, ताट धुतो.

हिवाळ्यात बाया दारात आल्या, म्हने, चला भाऊ. मी म्हनलो, मी कायले, मले बोलता येत नाई. तरी नेलं. नागपूरले सभेच्या वरच्या सज्ज्यात बसवलं. आमदार उभा राह्यला, धानाचं बोलला, तिचेच शब्द. तिचं नाव नाई घेतलं. मंत्री उठले, म्हने, विचार करू. अन् लागलीच दुसऱ्या गावच्या धरनाचं सुरू झालं. बाया एकमेकीकडं पाहत होत्या. मी खाली पाहत होतो.

कायदा हाय तसाच हाय. आता आमदाराच्या घरी मी जातो, बायायसंग, अन् बोलतोही मीच, दुसरं कोन बोलन. तुमी एवढ्या दूर आल्या, ऐकलं, तुमचं भलं हो, बाई. परवा गेलो तं आमदार म्हने, बाबा, मंत्र्यायचा विचार चालू हाय, तुमी काऊन घडीघडी येता? मी म्हनलो, त्यायचा विचार होवो तवरिक येतो. घरी मले काय काम हाय.