बिननाकाचा राजा

इतिहास शिकवणाऱ्या माणसाला गंडवणं किती सोपं असतं, ते आमच्या अण्णांना विचारा. थोरले भाऊ आहेत माझे.

वडील गेल्यावर मैलापूरच्या घरात चांदीची वाटणी झाली. एका बाजूला ताटं, तांबे, पूजेची भांडी. दुसऱ्या बाजूला वडिलांना त्यांच्या गोऱ्या साहेबानं दिलेला, राज्यारोहणाची आठवण म्हणून काढलेला एक चमचा. त्याच्या दांड्यावर राजाचा चेहरा होता, पण आईनं दर पोंगलला विभूतीनं घासघासून त्याचं नाक कधीच घालवलं होतं.

अण्णा म्हणाले, "भांडी काय रे, कुठंही मिळतात. हा बाबांचा मान आहे, तो तूच सांभाळ."

मला भरून आलं. मी वाकून त्यांच्या पाया पडलो.

पुढच्याच आठवड्यात चमच्याची माहिती काढायला मी नुंगंबाक्कमला जुन्या वस्तूंच्या एका दुकानात गेलो. म्हाताऱ्या दुकानदारानं भिंगसुद्धा उचललं नाही.

"हा बिननाकाचा राजा परत आला का? मागचा शिक्का बघा. आत निकेल, वर नुसता चांदीचा मुलामा. असे हजारोंनी निघाले होते. गेल्या महिन्यात सोनेरी चष्म्यातले एक गृहस्थ घेऊन आले होते, त्यांनाही हेच सांगितलं."

आमच्या घरात सोनेरी चष्मा एकट्या अण्णांना आहे.

मी विचारलं, "मग काय म्हणाले ते?"

"म्हणाले, असू दे. माझ्या धाकट्या भावाला इतिहासाची फार आवड आहे."